तासबाई आणि सात नंबरची बोटं

तासबाईंना हे नाव कुणी दिलं यावर आयसीयूत अजून एकमत नाही. नाव मात्र पक्कं बसलंय. पगाराच्या कागदावर काय असेल ते असो. बारा खाटांच्या त्या विभागात, लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या काउंटरवर, फाटकावरच्या रखवालदाराच्या तोंडी त्या तासबाईच. कारण सरळ आहे. तेवीस वर्षं बाईंनी दर तासाला माणसांच्या बोटांत सुया टोचल्या.

हौस म्हणून नाही. माणूस फार आजारी पडला की त्याची साखर ताळतंत्र सोडते, मग आधी मधुमेह असो वा नसो. अंगात ताप, शिरेत औषधं, नाकातल्या नळीतून पातळ अन्न, पंपातून इन्सुलिन. सगळ्यांची आत ओढाताण चालते आणि साखर आत्ता तीनशे, तर घटकेत साठ. चढली तर जखमा भरत नाहीत, फार उतरली तर मेंदूच उपाशी राहतो. शुद्धीतला माणूस निदान सांगतो, मला गरगरतंय, घाम फुटलाय. तोंडात नळी घालून झोपवलेला माणूस काय कपाळ सांगणार? म्हणून दर तासाला बोट. थेंब पट्टीवर, आकडा यंत्रावर, आणि त्या आकड्यावर पुढच्या तासाचं इन्सुलिन.

आता टोचायचं तर कुणीही टोचतं. बाईंचं टोचणं वेगळं. नवा पेशंट आला की त्या जुन्या तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याचे दोन्ही पंजे ठेवायच्या आणि पेन्सिलीनं कडेकडेनं फिरून हात काढायच्या, लहान मुलं काढतात तसे. तो कागद खाटेच्या पायथ्याशी चिकटवायचा. जिथं टोचलं तिथं ठिपका, शेजारी वेळ. अंगठा आणि पहिलं बोट वर्ज्य. उरलेली तीन, दोन्ही हातांची मिळून सहा, प्रत्येकाच्या दोन कडा म्हणजे बारा जागा. एका जागेवर पुन्हा पाळी यायला बारा तास.

"अंगठा आणि पहिलं बोट का नाही?" नव्या पोरी विचारायच्या.

"उठल्यावर माणूस कप कशानं धरणार? नाकानं?"

पोरी हसायच्या. "तासबाई, हात काढताच आहात तर भविष्यही सांगत जा."

"सांगते की. तू आत्ता चार नंबरला टोचायला विसरलीयस आणि दोन मिनिटांत शिव्या खाणार आहेस."

घर दोन खोल्यांचं. नवरा शाळेची बस चालवतो. सासूला स्वतःला साखर आहे, पण तेवीस वर्षांत तिनं सुनेला एक बोट दिलेलं नाही. "जगाची बोटं टोचून येतेस, आता माझीच राहिलीत होय? मी तुझ्या हाती बोट देणार नाही. एकदा दिलं की हात मागशील." तिच्यासाठी लॅबचा माणूस घरी येतो. त्याच्यापुढे म्हातारी बोट असं धरते, जणू अंगठी घालून घ्यायचीय.

तर अशा या बाईंच्या हातून एक चूक झाली, आणि ती सात नंबरच्या खाटेवर झाली.

सात नंबर म्हणजे पंचावन्नच्या आसपासचा एक उंच, सडसडीत माणूस. स्वादुपिंडाला सूज, ती चिघळून अंगभर पसरलेली. व्हेंटिलेटर, झोपेचं औषध, इन्सुलिनचा पंप. मनगटातल्या धमनीत घातलेली नळी दोनदा बंद पडली, म्हणून रक्त बोटातूनच घ्यावं लागत होतं. साखर अशी उड्या मारणारी की बाई म्हणाल्या, "याच्या आत घोडा पाळलाय का कुणी?" दाखल करताना त्याच्या कागदावर 'अंध' लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं, डोळ्यांत थेंब घालायची वेळ नेहमीसारखी लावली आणि नेहमीसारखे हात काढले.

भेटीची वेळ अकरा आणि पाच, अर्धा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी अकराला सात नंबरची बायको आत आली. अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. खांद्याला मोठी कापडी पिशवी, तीत चौकोनी काहीतरी जड. बाहेरच्या बैठकीतल्या लोखंडी खुर्च्या अशा की बसणाऱ्यानं लवकर घरी जावं. ही मात्र पिशवी बुडाखाली घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण मांडायची.

तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपली. मग वाकून पाहिली. मग खाटेच्या पायथ्याचा कागद पाहिला.

"हे कुणी केलं?"

"मी," तासबाई म्हणाल्या. "काळजी करू नका काकू, पहिलं बोट आणि अंगठा सोडलाय."

"काकू कुणाला म्हणता? माझ्याएवढ्याच तर दिसता. आणि सोडलंत ते नेमकं बिनकामाचं!" तिनं नवऱ्याचं उजवं पहिलं बोट वर धरलं. टोक जरा वाकडं, नख अर्धं. "हे सहाव्या वर्षी दारात सापडलं. याला काही कळत नाही. डावं जन्मापासूनच मठ्ठ. हे दोन्ही हातांच्या मधल्या दोन-दोन बोटांनी वाचतात. हे आणि हे. यांच्यात तुम्ही—" तिनं कागदावरचे ठिपके मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "बाई, हे यांचे डोळे आहेत हो."

तासबाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

मग बसून सगळं कळलं. दोघं नवराबायको ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात कामाला. ठिपके उठवलेलं पान छापून आलं की ही शाईचं पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि तो पानावरून बोटं फिरवत तिच्याबरोबर चालायचा. जिथं ठिपका कमी, जिथं जास्त, तिथं तो म्हणायचा, "थांब." ती खूण करायची. तो म्हणायचा, "वाच पुढं."

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. "लग्न आणि नोकरी एकाच टेबलावर. दुसऱ्या बायकांना नवरा बोलू देत नाही, माझा मला बोलत ठेवतो. दिवसभरात फक्त दोनच वाक्यं त्याची. 'थांब' आणि 'वाच पुढं'. पण त्या बोटांखालून चूक सुटलेली मी पाहिली नाही. डॉक्टर म्हणतात, वाचतील. जगतील या अर्थानं म्हणतात. ते तर व्हावंच. पण उठून बसले आणि बोटांना काही लागलंच नाही, तर या माणसाला मी सांगू काय?"

तासबाईंनी सात नंबरचं मधलं बोट चिमटीत धरून हलकेच दाबलं. कडेला बारीक बारीक गाठी झाल्या होत्या, खड्यांसारख्या. त्यांनी खाटेच्या पायथ्याचा कागद काढला, घडी करून खिशात टाकला आणि नवा काढायला घेतला. या खेपेला मधली चार बोटं पेन्सिलीनं काळीकुट्ट भरून टाकली. तिथं जायचं नाही.

पण जायचं कुठं? उरली सहा. त्यातलं करंगळीचं मांस किती, आणि आजाऱ्याची बोटं गार पडलेली. थेंब निघेना. दोन दिवसांत अंगठे सुजले. कानाच्या पाळ्या झाल्या. दिवसाला चोवीस थेंब हवेत आणि जागा संपत आलेल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, भेटीची वेळ संपल्यावर, बाई मोठ्या मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्या मॅडम म्हणजे आयसीयूच्या मुख्य डॉक्टर. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. खूश असल्या की 'तासबाई' म्हणायच्या, नसल्या की 'सिस्टर'.

"मॅडम, ते कपाटातलं बटण द्या."

बटण म्हणजे सेन्सर. महिन्यापूर्वी वापरून बघायला म्हणून पाच आले होते. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, खाली केसासारखी तार. दंडाच्या मागच्या बाजूला टोचून चिकटवायची की दहा-बारा दिवस ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजत राहते आणि दर पाच मिनिटांनी आकडा पडद्यावर. बाजूला बाण, साखर वर चाललीय की खाली ते सांगणारा. हे बटण आलं तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मुरडलं होतं ते तासबाईंनीच. "त्याला काय कळतंय? पेशंटला हात तरी लावतं का?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, तुम्ही मागताय?"

"मागतेय."

"हे घरी हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या पेशंटसाठी बनलंय. सुजलेल्या, रक्तदाब पडलेल्या माणसात ते चुकू शकतं. त्याच्या आकड्यावर मी एकदम इन्सुलिन सोडणार नाही. चार चार तासांनी बोट करून पडताळायचं."

"सहा थेंब. चोविसाचे सहा. चालेल."

"आणि एक खोटं माफ, दोन खोटी माफ. तिसऱ्यांदा खोटं बोललं की मी ते काढणार. मग परत तुमचा तास."

सात नंबरच्या उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता, म्हणून बटण डाव्या दंडाला लावलं. पहिली रात्र सगळं सुतासारखं. यंत्र म्हणालं एकशे बावन्न, बोट म्हणालं एकशे अठ्ठावन्न. तासबाई पडद्यापुढे अशा उभ्या, जणू पाळण्यातल्या लेकराला बघतायत. "शहाणं आहे हो," त्या म्हणाल्या. "उगाच नावं ठेवली."

दुसऱ्या दिवशी अकराला बायको आली. स्टूलवर बसली आणि पिशवीतून शाईचं पुस्तक काढून वाचायला लागली. आजारपणाआधी दोघांचं तिसरीच्या विज्ञानाचं काम चालू होतं, तेच तिनं पुढे ओढलं. "बेडूक पाण्यात राहतो आणि जमिनीवरही राहतो. बेडकाची कातडी ओलसर असते." त्या आवाजाला आयसीयूतले पडदे कुठले पुरतात? सहा नंबर, आठ नंबर, सगळ्यांनाच बेडूक कळत होता. झोपलेल्या सात नंबरकडून मात्र 'थांब' काही येत नव्हतं.

सव्वाअकराला बटण बोंबललं. सत्तर. पासष्ट. अठ्ठावन्न. बाण थेट खाली. ड्यूटीवरची तरुण डॉक्टरीण धावली, इन्सुलिन थांबवलं आणि घाईघाईत शिरेतून साखर दिली. मग बोट केलं. आधीच बरी असलेली साखर आता पावणेतीनशे. साखर घसरलीच नव्हती.

"एक," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी पाचला बायको आली. बेडूक अंडी घालायला लागला. सव्वापाचला पुन्हा बोंब. या वेळी आधी बोट केलं. यंत्र साठ, बोट एकशे एकोणपन्नास.

"दोन. सिस्टर, उद्या तिसरं झालं की काढून टाकायचं."

एव्हाना विभागात थट्टा सुरू झाली होती. आठ नंबरवरची नर्स म्हणाली, "बायको आली की याची साखर पडते. माझ्या नवऱ्याची चढते." सगळे हसले. ती बिचारी बायको मात्र बाहेर जाताना तासबाईंच्या कानाशी लागली. "माझ्या वाचण्यानं होतं का हो? मी येऊ नको का उद्या?"

"वेडी आहेस का गं," बाई म्हणाल्या, आणि 'काकू'वरून थेट 'गं'वर आल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. "तू ये. मी सुट्टीवर आहे, पण तू ये."

सुट्टीच्या दिवशी बाईंचं डोकं तिकडेच. डोक्याला तेल लावलं, कपडे भिजवले, पण ओठांवर एकच. अकरा आणि पाच. अकरा आणि पाच. बाकीचे सगळे तास खरं बोलतं आणि हे दोनच तास खोटं बोलतं, असं कसं? सासू न्याहारी करून नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. सव्वादहाला ती किंचाळली.

"अगं सूनबाई! धाव! माझा हात गेला!"

बाई तेलकट हातांनी धावल्या. म्हातारी उठून बसलेली, डावा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा उजव्या हातात धरलेला. "मेला! काहीच कळत नाही यात! पक्षाघात झाला मला!"

"आई, मूठ मिटा."

"मिटत नाही!"

"हसून दाखवा."

"हात गेला आणि हसू?"

बाईंनी तिचा चेहरा नीट पाहिला, दुसरा हात पाहिला, बोलणं ऐकलं. सगळं ठणठणीत. "आई, हातावर झोपला होतात तुम्ही. अंगाखाली दबला. रक्त अडलं. आत्ता मुंग्या येतील बघा."

"आल्या! आल्या मुंग्या! अगं आई गं, आता तर चावतायत!"

बाई हात चोळत होत्या आणि चोळता चोळता एकदम थांबल्या. अंगाखाली दबला. रक्त अडलं. डावा दंड.

सात नंबरला दर दोन तासांनी कूस बदलायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून. ती कूस कुठल्या वेळेला कुठली, हे ठरवलं होतं तासबाईंनी स्वतः. बायको येते तेव्हा तोंड तिच्याकडे हवं, म्हणून अकराला आणि पाचला भेटीपुरती डावी कूस, बाकी वेळ पाठ आणि उजवी. तिचं स्टूल डावीकडे असतं. तो झोपेत असला म्हणून काय झालं, बायकोकडे पाठ करून कसं झोपवायचं? मोठ्या मायेनं लावलेली ती वेळ होती. आणि त्या मायेपायी दर वेळी नवरा आपल्या बटणावर आडवा होत होता. कातडी दबली, पाणी सरकलं, तारेला साखर मिळेना, बटण म्हणे साखर संपली!

"आई, तुमचा हात कसाय?"

"बरा होतोय. का?"

"तुम्ही एका माणसाचे डोळे वाचवलेत," म्हणत बाई बाहेर पळाल्या. मागून सासूचा आवाज, "बोट मात्र देणार नाही हं!"

नवरा अंगणात बस धूत होता. सकाळची मुलं पोचवलेली, दुपारची आणायला वेळ. "अहो, चला. हॉस्पिटल. अकराच्या आत."

"बस आहे ही, रिक्षा नाही."

"चला म्हणते ना!"

तर पिवळी, रिकामी, अर्धी साबणाच्या फेसात असलेली शाळेची बस रस्त्यानं निघाली. पहिल्या सीटवर तेलानं चपचपलेल्या डोक्याची एक बाई. सीट मुलांच्या मापाची, गुडघे हनुवटीला. फोन करावा तर फोन घरी राहिलेला, नवऱ्याचा भिजत घातलेल्या शर्टाच्या खिशात. सिग्नलला लोक बघत होते. फाटकावर रखवालदारानं हात आडवा केला.

"तासबाई, पायात काय?"

एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सासूची.

"पाय आहे! सोड!"

वर पोचल्या तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. बटण बोंबलत होतं. पडद्यावर सत्तावन्न. बायको पुस्तक मिटून भिंतीला टेकलेली, चेहरा उतरलेला. मोठ्या मॅडम सात नंबरला जरा पालथा धरून वाकलेल्या, नख बटणाच्या चिकटपट्टीखाली घातलेलं.

"थांबा!"

आख्खा आयसीयू थांबला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. तेल. वेगवेगळ्या चपला. "सिस्टर, तुमची सुट्टी आहे ना?"

"मॅडम, बोट केलंत?"

"केलं. एकशे चव्वेचाळीस. तिसरं खोटं."

"ते खोटं बोलत नाही. तो त्याच्यावर झोपलाय. कूस बदला, पंधरा मिनिटं द्या. पंधरा मिनिटांत वर आलं नाही तर मीच उपटून तुमच्या हातात देते."

मॅडम क्षणभर सात नंबरच्या दंडाकडे बघत राहिल्या. चादरीच्या सुरकुतीचा वळ उठला होता, थेट बटणावरून गेलेला. त्यांनी नख काढून घेतलं. "बदला."

चौघींनी मिळून सात नंबरला उजव्या कुशीवर घेतलं. नळ्या सांभाळल्या, पाठीला उशी लावली. आणि सगळ्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या.

पाच मिनिटं. एकोणसाठ.

"हलतंय," आठ नंबरची नर्स कुजबुजली.

"दोनच आकडे," मॅडम म्हणाल्या.

"म्हातारीच्या हातालाही वेळ लागला," तासबाई म्हणाल्या. कोणती म्हातारी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दहा मिनिटं. ब्याऐंशी. बाण वर. बायकोनं पुस्तक छातीशी धरलेलं. पंधरा मिनिटं. एकशे एकवीस. मॅडमनी घड्याळ पाहिलं. आणखी पाच. एकशे एकेचाळीस.

एवढा मोठा जल्लोष आयसीयूत करायचा नसतो. त्यांनी तो तोंडावर हात दाबून केला. बायकोनं तासबाईंना मिठी मारली आणि तिच्या कपाळाला तेल लागलं.

"आजपासून याची डावी कूस बंद," मॅडम म्हणाल्या. "पाठ आणि उजवी. आणि बाकीच्या बटणांनाही हाच नियम, वर लिहून लावा." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि तासबाई, चपला बदला."

आता तोंड बायकोकडे हवं, तर स्टूल उजवीकडे न्यायला हवं. उजवीकडे व्हेंटिलेटर आणि दोन पंप यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा. बायको तिथं शिरायची म्हणजे बघण्यासारखा प्रकार. आधी पिशवी, मग एक खांदा, मग श्वास आत, मग बाकीची. "एकतीस वर्षांत यांच्या एवढी जवळ बसले नव्हते," ती म्हणायची, आणि बेडूक पुढे सुरू व्हायचा.

बटण मग रोज खरं बोललं. एका दुपारी तर त्यानं कमाल केली. अडीचला बाण खाली वळला. एकशे पस्तीस, एकशे चौदा, सत्त्याण्णव. तासबाई गेल्या तर नाकातल्या नळीला पीळ पडलेला, अन्न बंद आणि इन्सुलिन चालूच. सगळं जागेवर आणलं. तासाच्या ठोक्याची वाट बघितली असती तर तीनपर्यंत काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तेवीस वर्षं त्या दर तासाला एकदा खिडकीतून डोकावत आल्या होत्या. यानं आख्खी भिंतच काढली. वाईट वाटलं का? जराही नाही. उलट उरलेल्या वेळात त्या सात नंबरचा हात कोमट पाण्यात धरायच्या, पुसायच्या, मधल्या चार बोटांना मलम चोळायच्या. हळूहळू गाठी मऊ पडत होत्या. पण मऊ कातडीला ठिपका कळतो की नाही, ते कातडीलाच ठाऊक.

बाराव्या दिवशी त्याची नळी निघाली. तेराव्या दिवशी त्यानं पाणी मागितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बेडकाचं कोण वाचत होतं?" चौदाव्या दिवशी उशांना टेकून बसला. पंधराव्या दिवशी अकराला बायको आत आली तेव्हा तिच्या हातात शाईचं पुस्तक होतं आणि पिशवीत ब्रेलच्या पानांचा गठ्ठा. तासबाईंनी खाटेवर टेबल सरकवलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. आठ नंबरची नर्स उगाच पंप पुसत राहिली. मोठ्या मॅडम दारात कुठलासा कागद वाचत होत्या, उलटा.

बायकोनं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं हात ठेवले, मधली बोटं पुढे.

"बेडूक पाण्यात राहतो आणि जमिनीवरही राहतो," ती वाचू लागली.

बोटं सरकली.

"बेडकाची कातडी ओलसर असते."

बोटं सरकली. कपाळाला आठी. बायकोचा आवाज जरा हलला. तासबाईंनी खिशात मूठ आवळली. त्या खिशात तो पहिला घडीचा कागद अजून होता.

"बेडकाच्या मागच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे—"

"थांब."

बायको थांबली. सगळेच थांबले.

त्याची बोटं मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे. "पानाच्या कडा ठीक आहेत," तो सावकाश म्हणाला. "मधोमध ठिपके बसलेत. इथून इथपर्यंत." त्यानं बोटांनी पानावर एक भलामोठा गोल काढला. "पुढच्या पानालाही असेल. वजन पडलंय. कुणीतरी यावर बसलंय."

बायकोचा चेहरा लाल झाला. पदराचं टोक तोंडाशी गेलं.

"कुणीतरी बरेच दिवस बसलंय," तो म्हणाला. "आणि हलकं माणूस नाही."

तासबाईंना आधी हसू फुटलं. मग आठ नंबरच्या नर्सला. मोठ्या मॅडमचा चष्मा नाकावरून सुटला आणि कागदावर पडला. बायको हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "पंधरा दिवस!" ती म्हणाली. "लोखंडी खुर्ची होती हो! मी काय करू?"

"एक बटणावर झोपतो, एक पुस्तकावर बसते," तासबाई म्हणाल्या. "जोडी बघून लावलीय."

त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. अकरा वाजून पंचवीस. अकराचा ठोका होऊन गेलेला आणि बाईंना तो ऐकूच आला नव्हता. तीन खाटांशेजारच्या पडद्यांवर तीन आकडे शांतपणे उजळले होते, बाण आडवे. त्यांनी खिशातला कागद काढला, एकदा पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सात नंबरनं पानावरचे हात उचलले नव्हते.

"वाच पुढं," तो म्हणाला.